बिनगाठीच्या चिठ्ठ्या

माझ्या मावशीनं माझ्यासाठी पहिलं स्थळ आणलं तेव्हा मुलाकडच्यांनी विचारलं, मुलगी कंपनीत काय करते. मावशीनं ते मला आधीच विचारून ठेवलं होतं, आणि मीही खरं तेच सांगितलं होतं की मी ड्रायव्हर लिहिते. मावशीनं त्यातलं 'लिहिते' गाळलं. मुलाच्या वडिलांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, जीपवर का टेम्पोवर.

ते स्थळ तिथंच थांबलं. घरात सगळ्यांत जास्त हसले ते आण्णा, माझे वडील. हसून झाल्यावर त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि नीट विचारलं, हे नक्की काय असतं. मी सांगितलं की कंप्युटरला एखादं नवं यंत्र जोडलं की त्याच्याशी कसं बोलायचं हे कंप्युटरला ठाऊक नसतं, ते शिकवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. आण्णांनी थोडा विचार केला. "म्हंजी दुभाष्याचं काम," ते म्हणाले. त्यानंतर गावात कुणी विचारलं की ते हेच सांगायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की मी कोर्टात आहे.

ही दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. औरंगाबादला क्रांती चौकातून आत वळलं की एका दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि एक गच्ची. कारखान्यांना लागणारी मोजमापाची कार्डं आम्ही बनवायचो, कंप्युटरच्या पोटात बसवायची. माणसं तिघंच. मालक, जे गिऱ्हाइकं शोधत दिवसभर वाळूजच्या कारखान्यांतून फिरायचे, मी, आणि भाई. कार्डं भाई बनवायचे. पन्नाशी उलटलेली, उमेदीची वर्षं एका टीव्हीच्या कारखान्यात गेलेली, घर गुलमंडीच्या मागच्या गल्लीत. मला ते बेटा म्हणायचे. माझ्याशी बोलताना सुरुवात मराठीत करायचे आणि वाक्य संपेपर्यंत दखनीत पोचायचे. मला त्याची इतकी सवय झाली की गावी गेल्यावर आई म्हणायची, तू अशी काय बोलायला लागलीस.

लासूर स्टेशनच्या एका जिनिंगचं काम आम्हाला मिळालं तेव्हा मला विशेष आनंद झाला, कारण आमचं गाव तिथून जवळ आणि आमचा कापूसही त्याच जिनिंगला जायचा. सरकी निघाल्यावर उरलेली रुई तिथं प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात. गाठ काट्यावर येते, वजन होतं आणि वजनाची चिठ्ठी गाठीला लावतात. आजवर एक माणूस काट्यावरचा आकडा बघून हातानं चिठ्ठी लिहायचा. आता काट्याची तार भाईंच्या कार्डात येणार होती, कार्ड कंप्युटरमध्ये, आणि चिठ्ठी शेजारच्या छोट्या प्रिंटरमधून आपोआप बाहेर.

माझा पहिला ड्रायव्हर अगदी साधा होता. तो कार्डाला सारखा विचारत राहायचा, वजन आलं का, वजन आलं का. काम व्हायचं, पण कंप्युटर त्या विचारण्यातच इतका गुंतायचा की माऊस अडखळायचा आणि चिठ्ठी निम्मी छापून थांबायची. भाईंनी ते दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले की तू कशाला विचारत बसतेस, कार्डच तुला सांगेल. त्यासाठी त्यांनी कार्डात सोय केलेलीच होती. वजन स्थिर झालं की कार्ड प्रोसेसरकडे जाणारी एक लाइन ओढून धरणार, घंटेची दोरी धरावी तशी. ती लाइन ओढली गेली की प्रोसेसर हातातलं काम तसंच ठेवून ड्रायव्हरच्या एका छोट्या भागाकडे येतो. या हाकेला म्हणायचं इंटरप्ट आणि त्या भागाला हँडलर. हँडलरनं वजन उचलायचं आणि ताबडतोब बाजूला व्हायचं. चिठ्ठी छापण्यासारखी सावकाशीची कामं मागाहून.

मी याआधी इंटरप्टचं काम कधी केलं नव्हतं. आमचे कंप्युटर लिनक्सवर चालायचे, आणि लिनक्सचं एक बरं होतं की दुसऱ्यांनी लिहिलेले ड्रायव्हर उघडून वाचता यायचे. मी आठवडाभर तेच वाचत बसले. कर्नेलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, कुठल्या लाइनसाठी नोंद करायची, नोंद करताना काय काय कबूल करायचं, निघताना नोंद कशी काढायची. मग माझा ड्रायव्हर लिहिला, भाईंना बोलावलं आणि चालू केला.

कंप्युटर गोठला. माऊस हलेना, कळ दाबून काही होईना, स्क्रीनवरचं घड्याळसुद्धा थांबलं. बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा गोठला. संध्याकाळपर्यंत हेच. दुसऱ्या दिवशी मी काही बोलायच्या आधीच भाईंनी तारेतली वीज पडद्यावर दाखवणारा स्कोप आणून त्याची सुई कार्डाच्या त्या लाइनवर टेकवली. लाइन ओढलेली होती आणि ओढलेलीच राहिली होती.

"बेटा, कार्डानं पुकारलं. तू आलीस, वजन घेतलंस, गेलीस," भाई म्हणाले. "पण 'मिळालं' असं त्याला बोललीस का? ते बिचारं अजून पुकारतंच आहे."

नव्हते बोलले. वाचलेल्या प्रत्येक ड्रायव्हरमध्ये ती ओळ होती, प्रत्येकात वेगळ्या रूपात, आणि ती त्या त्या कार्डाची खासियत असावी असं समजून मी ओलांडून गेले होते. लाइन सुटत नव्हती, म्हणून हँडलर संपला की प्रोसेसर लगेच पुन्हा हँडलरमध्येच येत होता. दुसऱ्या कशाला त्याला वेळच उरत नव्हता. मी ती ओळ घातली. नंतर आणखी एक गोष्ट सुधारली. आधी कार्डाला गप्प करायचं, मग हँडलरची नोंद करायची, आणि सगळं तयार झाल्यावरच कार्डाला बोलायची मोकळीक द्यायची. नाहीतर ऐकणारा येऊन बसायच्या आतच ते हाक मारतं.

यावेळी घड्याळ चालत राहिलं. भाईंनी टेबलावरच्या काट्यावर आपला जेवणाचा डबा ठेवला आणि प्रिंटरनं चिठ्ठी दिली. डबा उचलून माझी पर्स ठेवली, चिठ्ठी आली. तेवढ्यात मालक आले. त्यांनी हातातलं हेल्मेट काट्यावर ठेवलं, त्याचीही चिठ्ठी आली. ती त्यांनी खिशात घातली. माऊस मात्र कुठंच अडखळत नव्हता. मी तो उगाच स्क्रीनभर फिरवत बसले होते.

लासूरला कार्ड बसलं आणि तीन-चार आठवडे कुणाचा फोन आला नाही. आमच्या धंद्यात याहून चांगली बातमी नसते. मग एका सकाळी जिनिंगच्या फोरमनचा फोन आला. शांत माणूस होता. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं मशीन बिनगाठीच्या चिठ्ठ्या काढायलंय." प्रेसवर गाठ नसताना मधूनच प्रिंटर फिरायचा आणि मागच्याच गाठीच्या वजनाची दुसरी चिठ्ठी बाहेर यायची. दिवसातून आठ-दहा वेळा. त्यांनी त्या चिठ्ठ्या खिळ्याला अडकवून ठेवल्या होत्या.

भाईंचा संशय अर्थिंगवर होता. जिनिंगच्या मोठ्या मोटारी चालू-बंद होताना तारांमध्ये काहीही येतं, असं त्यांचं म्हणणं. माझा संशय माझ्या प्रोग्रामवर होता. आम्ही सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. मी लासूरला येतेय हे आदल्या दिवशी घरी कळवलं होतं, तर आण्णांनीही आपला कापूस नेमका त्याच दिवशी आणला. आम्ही पोचलो तेव्हा ते ट्रॅक्टरच्या रांगेत, ट्रॉलीला टेकून उभे होते. त्यांनी भाईंना रामराम केला, भाईंनी आदाब केला, आणि आण्णांनी रांगेची जबाबदारी शेजारच्यावर टाकून सरळ आमच्याबरोबर आत चालायला सुरुवात केली.

सकाळभर भाईंनी मोटारी एकेक करून बंद-चालू करायला लावल्या. एकदाही चुकीची चिठ्ठी आली नाही. आण्णांनी मध्येच सगळ्यांसाठी चहा मागवला. भाईंनी हात छातीशी नेऊन सांगितलं की रोजा आहे. आण्णा ओशाळले आणि स्वतःचा कपही खाली ठेवू लागले.

"तुम्ही घ्या, आण्णा," भाई म्हणाले. "मला वास पुरतो."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या मोटारी थांबल्या. एवढ्या मोठ्या शेडमध्ये एकदम शांत झालं. आण्णांनी आईनं दिलेली भाकरी सोडली, मी आणि फोरमन त्यांच्याजवळ बसलो, आणि त्या शांततेत प्रिंटर फिरला. चिठ्ठी बाहेर आली. फोरमननं ती बाकीच्यांबरोबर खिळ्याला अडकवली. भाईंनी उठून बटणांच्या पेटीकडे नजर टाकली. सगळं बंद होतं. म्हणजे अर्थिंगवरचा संशय मिटला.

अशा वेळी काम करत असलेलं माणूस एकच होतं. जिनिंगचे हिशेब बघणारे मुनीमजी पलीकडे काचेच्या खोलीत आपल्या कंप्युटरसमोर बसलेले होते. फोरमनला विचारलं तेव्हा कळलं की मुनीमजींना गाठींची वजनं जागेवरून बघता यावीत म्हणून मागच्या आठवड्यात प्रेसजवळच्या कंप्युटरला नेटवर्कचं कार्ड बसवून तिथपर्यंत केबल ओढली होती. मी मुनीमजींना विनंती केली की जरा वेळ काही बघू नका. पुष्कळ वेळ झाला, चिठ्ठी आली नाही. मग म्हटलं, आता बघा. त्यांनी बघितलं आणि प्रिंटर फिरला.

मी कंप्युटरला विचारलं की कुठल्या लाइनवर कोण आहे. त्यानं यादी दाखवली. अकरा नंबरच्या लाइनसमोर दोन नावं होती. एक माझ्या ड्रायव्हरचं आणि एक नेटवर्कच्या कार्डाचं.

मला सगळं एका दमात समजलं, आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. कंप्युटरमध्ये लाइनी मोजक्या असतात आणि कार्डं पुष्कळ, म्हणून एकाच लाइनवर दोघांना बसवायची पद्धत आहे. नोंद करताना ड्रायव्हरनं तेवढं कबूल करायचं असतं की लाइन वाटून घ्यायला माझी हरकत नाही. मी ते कबूल केलेलं होतं, कारण सगळेच करतात. पण लाइन ओढली गेली की ती कुणी ओढली हे कर्नेलला कळत नाही. तो त्या लाइनवरच्या प्रत्येक हँडलरला उठवतो. प्रत्येकानं आपापल्या कार्डाला विचारायचं, तू होतास का? नसेल तर काही न करता मागे फिरायचं. माझा हँडलर विचारत नव्हता. मुनीमजींनी वजनं उघडली की नेटवर्कचं कार्ड हाक मारायचं, माझा हँडलर ती आपलीच समजून धावायचा, कार्डात पडून असलेलं जुनं वजन उचलायचा आणि चिठ्ठी निघायची. पुढची गाठ यायला वेळ लागतो म्हणून लागोपाठ आलेल्या हाका माझा प्रोग्राम फेकून द्यायचा, नाहीतर चिठ्ठ्यांचा ढीगच पडला असता. ऑफिसातल्या कंप्युटरवर ती लाइन एकट्या आमच्या कार्डाची होती, म्हणून हे तिथं कधी दिसलं नाही.

मी भाईंना बाजूला घेऊन हे सांगितलं.

"पण तू विचारणार कुणाला?" ते म्हणाले. "माझ्या कार्डात ते वाचायला जागाच नाही ठेवली मी. 'मिळालं' हे त्याला ऐकू येतं. 'तू होतास का' याला जवाबच नाही त्याच्याकडे."

मी म्हटलं, मग हे दोघांचं मिळून झालं. भाईंनी मान डोलावली.

फोरमनचं म्हणणं होतं की दोन्हीपैकी एका कार्डाची जागा बदलून बघा, नाहीतर नेटवर्कचं काढूनच टाका. मुनीमजी काढू देणार नव्हते. जागा बदलून लाइन वेगळी मिळालीही असती आणि आम्ही दुपारच्या गाडीनं परत गेलो असतो. पण हा कंप्युटर बदलला, किंवा दुसऱ्या जिनिंगला हेच कार्ड गेलं, की पुन्हा तोच फोन. मी भाईंना विचारलं, काही करता येईल का. त्यांनी कार्ड बाहेर काढून उलटसुलट बघितलं. एका चिपची एक पिन रिकामी होती. हाक धरून ठेवणाऱ्या चिपपासून तिथपर्यंत एक बारीक तार नेली तर मला ती वाचता येणार होती.

भाईंनी पिशवीतून तार जोडायची सोल्डरिंगची सळई काढली तसा शांत फोरमन पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. सगळीकडे रुई उडालेली, त्यात तापलेली सळई. बिडी ओढणाऱ्यालाही तिथं गेटाबाहेर जावं लागायचं. भाईंनी लगेच माफी मागितली, आणि ते आणि आण्णा कार्ड घेऊन वॉचमनच्या खोलीत गेले. मी प्रेसजवळ माझ्या ओळी लिहीत बसले. थोड्या वेळानं किती झालं ते बघायला गेले तर भाई चष्मा नाकाच्या टोकावर आणून वाकलेले होते आणि आण्णांनी कार्ड दोन्ही बाजूंनी अलगद धरलेलं होतं. भाईंनी त्यांना आधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायला सांगितला होता, अंगातली वीज उतरावी म्हणून. त्यामुळे आण्णा मला दारातच म्हणाले, "गजाला हात लाव आधी."

माझ्याकडच्या ओळी थोड्याच होत्या. हँडलरनं सगळ्यांत आधी ती नवी पिन वाचायची. तिथं काही नसेल तर वजनाला हात न लावता परत जायचं. असेल तर वजन उचलायचं, 'मिळालं' म्हणायचं आणि निघायचं.

कार्ड परत बसवलं. मुनीमजींना सांगितलं की आता हवं तितकं बघा. त्यांनी मनापासून बघितलं. खोलीतून दर वेळी हात वर करून खूण करायचे, आणि इकडे प्रिंटर गप्प. मग मोटारी चालू झाल्या, रुई प्रेसमध्ये पडू लागली, आणि पहिली गाठ बांधून काट्यावर आली. आकडा हलत हलत स्थिर झाला आणि चिठ्ठी बाहेर आली. एकच. फोरमननं ती फाडली, वजन काट्याशी ताडून बघितलं आणि गाठीला लावली. पुढची गाठ येईपर्यंत आम्ही चौघं प्रिंटरकडे बघत उभे होतो.

आण्णांनी गाठीवरून तळवा फिरवला. "म्हंजी आता ज्याची हाक त्यानंच उठायचं," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं.

"आन् इतकंच व्हतं?"

"इतकंच होतं, आण्णा."

त्यांना ते आवडलं. रांगेतले ओळखीचे दोघं-तिघं आत डोकावत होते, त्यांना बोलावून त्यांनी पुढची गाठ दाखवली. यंत्राबद्दल काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, पोरगी हाय माझी. त्यांच्या ट्रॉलीचा नंबर केव्हाच येऊन गेला होता आणि शेजारच्यानं खरोखरच त्यांचा कापूस उतरवून घेतला होता.

संध्याकाळच्या गाडीला वेळ होता. आण्णा आम्हाला स्टेशनापर्यंत सोडायला आले. वाटेत बाजारात थांबून त्यांनी खजूर आणि केळी घेतली. सूर्य मावळला तसे भाई फलाटावरच्या बाकावर बसले, खजूर तोंडात घातला आणि पाण्याची बाटली जवळजवळ अर्धी संपवली. आण्णा त्यांच्याशेजारी बसून विचारत होते की दिवसभर पाण्यावाचून डोळ्यांचं इतकं बारीक काम कसं जमतं. भाई म्हणाले की सवय असते, आणि आज धरणारा हात चांगला होता. मग ते दोघं या वर्षीच्या कापसाबद्दल बोलू लागले. भाईंच्या वडिलांचा हिमरू शाली विणणाऱ्या मागांशी संबंध होता, त्यामुळे धाग्याची लांबी, रुईचा रंग यातलं त्यांना बरंच कळायचं. मी केळं खात ऐकत होते. दिवसभराचा शीण पायांत होता, पण डोकं अगदी हलकं होतं.

गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. भाईंनी वर्तमानपत्र काढलं. मला वाटलं वाचतील, पण त्यांनी समासात पेन्सिलनं चौकोन काढायला सुरुवात केली. नवीन कार्डाचा नकाशा होता. आजवर कार्ड पूर्ण तयार होऊन माझ्या टेबलावर यायचं आणि जे असेल त्याच्यावर मी ड्रायव्हर लिहायचे. ऑफिसात तीच रीत होती आणि आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"सांग बेटा," भाई म्हणाले, "तुला कार्डात काय काय पाहिजे?"

मी म्हटलं, एक तर आजची तार तारेसारखी नको, आतच पाहिजे. वीज आल्याबरोबर कार्डानं गप्प राहावं, मी सांगेन तेव्हाच बोलावं. आणि एकदा उचललेलं वजन तिथं पडून राहू नये. भाईंनी एकेक गोष्ट चौकोनात कुठं बसेल ते बघितलं. पहिल्या दोन लगेच बसल्या. तिसऱ्या गोष्टीला ते तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, वजन पुसलं आणि तुझ्या प्रोग्रामनं ते वाटेत हरवलं तर पुन्हा आणायचं कुठून. पोटूळ गेलं, दौलताबाद गेलं, तरी आमचं त्यावरच चाललं होतं. शेवटी ठरलं की वजन राहू द्यायचं, पण ते उचलून झालंय अशी खूण त्याच्यावर ठेवायची.

औरंगाबादला उतरलो तेव्हा भाईंचा मुलगा स्कूटर घेऊन आला होता. घरी सगळे जेवायचे थांबलेत, असं त्यानं दोनदा सांगितलं. भाईंनी त्याला हातानं थांबवलं, स्टेशनाच्या दिव्याखाली वर्तमानपत्र उलगडलं आणि चौकोनाच्या कडेला राहिलेली एक रिकामी पिन मला दाखवली. इथं काय घालू, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मोकळी राहू द्या, लागेल कधीतरी. त्यांनी तिच्याभोवती एक गोल काढला, घडी करून वर्तमानपत्र पिशवीत टाकलं आणि ते मुलाच्या मागे बसले. मी रिक्षा केली आणि खोलीवर गेले.